चौथा खांब

१४ जाने. ८५, सोम.
वखारवाल्याने डायरी दिली. गिरणीच्या सुतारखात्यात तीस वर्षं जॉबबुक लिहिलं, त्यामुळे कोरं पान दिसलं की हात शिवशिवतो. संपानंतर लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. लोकांची दारं तासली, पलंगांचे पाय बसवले, एवढंच.

आज तुकाराम कांबळे मुलुंडला घेऊन गेला. तु. माझ्याच खात्यातला, सातारकडचा, तोंडाने फटकळ पण हात सोन्याचा. म्हणाला, 'दत्तू, अख्खं घर आहे लाकडाचं. एकट्याला झेपायचं नाही म्हणून तुला विचारतोय, उपकार नाय करत.'

मालक देसाई साहेब. जहाजाचे इंजिनिअर, पंचेचाळिशीचे, जपानात पाच वर्षं काढलेले. बायको तिकडचीच, केइकोबाई. दोन वर्षं अंधेरीच्या फ्लॅटमध्ये राहिली, मग आईच्या दुखण्याला म्हणून गेली. त्याला तीन वर्षं झाली. भांडण नाही म्हणतात. 'तिला ते घर सोसलं नाही, मेस्त्री. दार उघडलं की जिना, खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी.' आता वडिलांच्या प्लॉटवर तिच्यासाठी घर. बाईंचा भाऊ तिकडे आर्किटेक्ट, त्याने नकाशे पाठवलेत.

नकाशा दोनदा फिरवून बघितला. चौकोनी घर, मधोमध मोकळा चौक. चारी बाजूच्या खोल्यांची तोंडं आत, रस्त्याकडे सगळ्यांची पाठ. आतल्या बाजूला फिरती पडवी, सरकती दारं, काही काचेची, काही कागदाची. चौकात एक झाड नि पांढरे खडे. चालायचं नाही, नुसतं बघायचं.

तु. म्हणाला, 'नुसतं बघायला? आमच्या चाळीची सात बिऱ्हाडं मावतील यात.'

बारा खांब. खिळा एकही नाही. खोबणीत खांबाच्या टोकाचा कुसू बसवायचा, पाचर मारायची. वडील असंच काम करायचे. मी गिरणीत खिळेच ठोकत आलो.

हो म्हणून आलो.


१५ जाने.
हिला नकाशा समजावून सांगितला. ही मालवणची, तीस वर्षं घाटकोपरात आहे पण भाषा सोडली नाही. चष्मा लावून बघितलं नि म्हणते, 'ह्या काय? घराच्या मधी भोक?'

मग बराच वेळ तांदूळ निवडत होती. नंतर आपणच, 'पाऊस पडलो काय छत्री घेवन जेवतले?'


२ फेब्रु., शनि.
नकाशा मिलिमीटरमध्ये, मी फूट-इंच-सूतवाला. एका पट्टीवर दोन्ही मापं कोरून घेतली. तु. हसतो पण वापरतो तीच पट्टी.

लाकूड आलं. पाडलेल्या इमारतीचं जुनं बर्मा सागवान. ऐंशी-नव्वद वर्षं तुळया म्हणून आडवं पडलेलं, आता खांब म्हणून उभं करायचं. पहिला रंधा मारला तसा वास सुटला, डोळ्यांत पाणी आलं. भुसा गेला डोळ्यात, असं तु.ला सांगितलं.


९ फेब्रु.
के. बाईंचं पत्र आलं, दे. सा.नी वाचून दाखवलं. त्यांचे आजोबा सुतार होते. एकच मागणं आहे. खांब, झाड जसं उभं होतं तसाच उभा करावा. बुंधा खाली, शेंडा वर.

मी म्हटलं, 'साहेब, आमच्यात पण हेच.' वडील म्हणायचे, उलटो खांब धन्याक घरात टिकाक देणा नाय.

दे. सा. म्हणाले, 'हे मी तिला लिहितो.' खूश झाले. पत्राची घडी चारदा घातली त्यांनी. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. घर बांधून बायको परत येते का? कोण जाणे. पण बांधायचं तर सरळ बांधायचं.


१ मार्च, शुक्र.
आडव्या तुळईचा बुंधा कुठला नि शेंडा कुठला? गाठी बघायच्या. फांदी वर झुकते, गाठही तशीच झुकते. अकरा खांबांचं कळलं. एकाला कुठे गाठच नाही, स्वच्छ. लाकूड देखणं, पण मुकं.

वडिलांची रीत, विहिरीत टाकायचं. बुंधा जड, तो बुडतो. इथे विहीर कुठची. टँकर येतो तोही दिवसाआड.


२२ मार्च, शुक्र. (पाडवा)
खांब उभे केले. दे. सा.नी पेढे आणले.

मुक्या खांबाचं काय केलं, तर सळईवर मधोमध आडवा तोलला. एक बाजू बऱ्यापैकी खाली गेली. तीच बुंध्याची. तु. म्हणाला, 'थांब, दोन दिवसांनी टाकी भरून पाण्यात बघू.' मी म्हटलं, 'पाडव्याचा मुहूर्त घालवू का तुझ्या टाकीपायी? तीस वर्षं लाकडात काढली, मला शिकवू नकोस.' त्याने दोर उचलला.

दारातून आत गेलं की डावीकडून चौथा. सगळ्यांत देखणा तोच. समोर लावला.


२१ एप्रिल, रवि.
हिला साइटवर घेऊन गेलो. पहिल्यांदाच. छपराचे वासे चढलेत, जमीन अर्धी. चप्पल बाहेर काढून आत आली. पडवीच्या कडेवर बसली, पाय खाली चौकात सोडले. डोक्यावर आभाळ, तेवढंच चौकोनी.

म्हटलं, 'भोक आवडलं का?'

पाय हलवत बसली होती, शाळेतल्या पोरीसारखी. लग्न झालं तेव्हा मी कबूल केलं होतं, दहा वर्षांत अंगण असलेली जागा घेऊ. दहा बाय बाराच्या खोलीत एकतीस वर्षं झाली. मुलगी तिथेच वाढली, तिथूनच बोरिवलीला दिली. हिने एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

निघताना फळीवर हात फिरवून म्हणाली, 'बरां केलात.'

एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल हिने काही म्हटल्याचं मला आठवत नाही.


१० जुलै, बुध.
कागदाची दारं फुगून बसली. जपानी कागद, मुलुंडची हवा. वाट लागली. चौकटी एक सूत घासल्या, आता सरकतात. तु. म्हणतो, बाईंच्या भावाला कळव, इथे जुलै म्हणून एक प्रकार असतो.

चौकात चारी पागोळ्यांचं पाणी पडतं. जेवणाची सुट्टी संपली तरी दोघं बघत बसलो. तु. म्हणाला, 'आता कळलं बघायचं म्हणजे काय.'


५ ऑक्टो., शनि.
वाईट दिवस.

काम संपत आलंय. चौथ्या खांबाला खाली पट्टी बसवायची म्हणून गिरमिटाने भोक पाडत होतो. वीतभर आत गेल्यावर किंचाळलं. लोखंड. कोरून काढलं तर जुना बोल्ट, मनगटाएवढा जाड, वरून लाकडाची ठोकळी बसवून बुजवलेला. इमारतीच्या वेळचा.

म्हणजे पाडव्याला मी तोलला तो बोल्ट. लाकूड नव्हे.

शिडी लावून वरचं टोक तेलाने पुसून बत्ती धरून बघितलं. तुळईच्या पाठीमागे, दिसणार नाही अशा जागी, वाटाण्याएवढी गाठ, तेव्हा नजरेतून सुटलेली. खाली झुकलेली.

खांब उलटा आहे.

तु.ला दाखवलं. तो 'मी सांगितलं होतं' म्हणाला असता तर बरं झालं असतं. नाही म्हणाला. 'बोल्ट खिशात टाक. बाकी आपण दोघंच जाणतो.'

बदलायचा तर तुळई जॅकवर घ्यायची, कोपऱ्याची कौलं उतरवायची, दोन्ही टोकांचे कुसू नव्याने काढायचे. आठ-दहा दिवस. दे. सा.नी दिवाळीचं विमान ठरवलंय बाईंचं. परवा पुसतील, धुतील, सामान येईल. काय सांगू?

नाही सांगितलं.


१२ नोव्हें., मंगळ. (दिवाळी)
के. बाई आल्या नाहीत. तार आली. आईला सोडून निघवत नाही.

दे. सा.नी मला नि हिला फराळाला बोलावलं होतं, ते रद्द केलं नाही. संध्याकाळी पडवीत पणत्या लावल्या, हिनेच लावल्या. दे. सा. त्याच खांबाला टेकून बसले होते. मी चिवड्याची वाटी बाजूला ठेवली.

'मेस्त्री, घर उत्तम झालंय. तुमचं काही चुकलं नाही,' म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.


११ जाने. ८६, शनि.
दे. सा. जपानला चाललेत. तिथल्याच गोदीत वर्षभराचं काम मिळवलंय. 'समजावून आणीन, नाहीतर...' दोघं आली नाहीत तर प्लॉट विकणार. घेणारा ठरलेला आहे, चार मजले चढवणार. घर लाकडाच्या भावाने जाईल.

तोवर कोणी तरी राहायला हवं. लाकडी घर बंद ठेवलं की कुबट होतं, वाळवी धरते. रोज सगळी दारं सरकवायला हवीत. 'तुमच्याइतकं कोण बघेल? वहिनींना घेऊन या. आपलं घर समजून राहा.'

घरी सांगितलं. हिने आधी सरळ नाही म्हटलं. 'लोकांच्या घरात माका झोप येवची नाय.' जेवताना पुन्हा नाही म्हटलं. भांडी घासताना विचारलं, चूल कुठल्या बाजूला आहे.


२६ जाने., रवि.
आलो. दोन ट्रंका, गादी, देव. घाटकोपरची खोली कुलूप लावून ठेवली आहे, सोडली नाही.

किल्ली हिच्या हातात देत होतो. घेतली नाही. 'तुमच्याकडे ऱ्हवांदे. माझ्याकडे इली काय माझीच वाटात.'


१६ फेब्रु.
हिचा दिवस असा. सकाळी चारी बाजूंची दारं सरकवते, पूर्वेचं आधी. झाडते. चौकात उतरत नाही, वाकून हाताने बकुळीची पानं उचलते. जपानी झाड इथे जगायचं नाही म्हणून दे. सा.नी बकूळ लावली होती. दुपारी पडवीत पाय सोडून बसते. कधी कधी तशीच आडवी होते. हिला दिवसा झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

गुडघे दुखायचे थांबले म्हणते.


९ मार्च, रवि.
तु. आला होता, वाटाण्याची उसळ खाऊन गेला. हिच्या मागे मला म्हणाला, 'दत्तू, ती बाई नाही आली तर?'

'विकतील.'

'आणि येता येत नाही, जाता जात नाही, असंच राहिलं तर?'

म्हटलं, गप रे. पण तोच विचार माझ्याही मनात आहे आणि त्याला ते माहीत होतं. पाडव्याला मी हे घर उभं केलं तेव्हा एकच मागत होतो, बाईंनी यावं. गेल्या महिनाभरात एकदाही मागितलं नाही. रोज सकाळी चौथ्या खांबाला तेल लावतो आणि म्हणतो, राहा बाबा असाच. लाज वाटते लिहायला. लिहून ठेवतो.


८ मे, गुरु.
गावाहून रातांबे आले, कोकमाची ओली फळं, दोन करंड्या. घाटकोपरला ही त्यांच्या साली, म्हणजे सोलं, पत्र्यावर वाळत घालायची, अर्धी कावळे न्यायचे, अर्ध्यावरून शेजारणीशी भांडण. यंदा चौकात. दे. सा. काय म्हणतील ही भीती दोन दिवस टिकली, तिसऱ्या दिवशी धोतर पसरून मोकळी.

आगळात, त्यांच्याच खारवलेल्या रसात, बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. सात वेळा. सबंध घराला आंबट वास. पांढऱ्या खड्यांवर तांबडे डाग पडलेत. मी घासले, जात नाहीत. हिला म्हटलं, अगं हे नुसतं बघायचं असतं.

'मगे बघतंय ना,' म्हणाली.


२४ मे, शनि.
दे. सा.चं पत्र. केइकोबाईंची आई मार्चमध्ये वारली. बाई यायला तयार आहेत. 'निदान एक पावसाळा राहून बघते' म्हणाल्या. सोळा जूनला दोघं पोचतात. पुढे लिहिलंय: 'ती विचारते, खांब झाडासारखे उभे आहेत ना? मी म्हटलं, मेस्त्रींचं काम आहे.'

हिला वाचून दाखवलं. सोलं उलटी करत होती, करत राहिली. मग म्हणाली, 'आवस गेली तिची. येवंदे बिचारी. तिचा घर आसा.'

पाणी प्यायला म्हणून आत गेली. बराच वेळ माठाचा आवाज आला नाही.


२५ मे, रवि.
तु.कडे जाऊन आलो. खांब फिरवायचा तर हेच पंधरा दिवस, पावसाच्या आत. तो म्हणतो होईल. कुसू नवीन काढताना खांब तीन इंच तोकडा पडेल, तर खालचा दगड तेवढा उंच घालू. जॅक त्याच्या मेव्हण्याच्या गॅरेजमधून.

मग बिडी विझवून म्हणाला, 'आणि नाही फिरवला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. तू सांग. आणू का नको?'

'तुझा विश्वास आहे यावर? उलटा खांब, धनी, वगैरे?'

'माझा नाय. असल्या गोष्टी आम्ही कधीच सोडल्या. पण तुझा आहे ना. तेवढ्यासाठीच विचारतोय.'

आण म्हटलं. बसमध्ये चढल्यावर वाटलं, नको म्हणायला हवं होतं. उतरून परत गेलो नाही.

खांबाने काही होत नसतं. मग गेल्या दिवाळीला त्या का आल्या नाहीत? आई आजारी म्हणून. मग माझा दोष नाही म्हणून मला सुटका झाल्यासारखं का वाटलं नाही? आणि आता त्या येतायत, खांब तर अजून उलटाच आहे. म्हणजे येतील, पण टिकणार नाहीत. एक पावसाळा, मग परत. मग विक्री. किंवा मग पुन्हा किल्ली माझ्याकडे, ही पडवीत पाय सोडून. हे सगळं मी बसमध्ये बसून मोजलं. छप्पन्न वर्षांचा माणूस.


२६ मे, सोम.
दुपारी ही म्हणाली, 'तुमी ह्या खांबाक टेकान कधी बसाक नाय. कित्या?'

सांगून टाकलं. बोल्ट ट्रंकेत होता, तो काढून हातात दिला. पाडवा, मुहूर्त, गाठ, सगळं. रोज तेल लावताना काय म्हणतो तेही सांगितलं. तेच जड गेलं.

हिने बोल्ट इकडून तिकडून बघितला. मला वाटलं रागावेल. वडिलांचं वाक्य हिलाही माहीत आहे, सासऱ्याच्या तोंडून ऐकलंय. उठली, खांबाजवळ गेली. त्याच्या तळाशी सोलांचं धोतर पसरलेलं होतं. ते धरून हळूच ओढत पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. काम करायला जागा होईल एवढी.

हिचं मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.


२७ मे, मंगळ.
सकाळी नऊला तु. आला. टेम्पोतून दोन जॅक, फळ्या, दोर. कौलं उतरवायची तयारी करूनच. ऊन कडक, आभाळात काही नाही. पंधरा दिवस पुरतात.

जॅक तुळईखाली लावला. तु.ने दांडा हातात घेतला नि माझ्याकडे बघितलं. मी 'फिरव' म्हणायचं, एवढंच होतं.

ही चहा घेऊन आली. कपबशा पडवीत ठेवल्या, चौकात वाकून एक सोल उचललं, दाबून बघितलं, परत ठेवलं. आमच्याकडे बघितलं नाही.

'सोलांका अजून दोन उनां होयी,' म्हणाली. 'कौलां काढल्यात तर माती पडात. तवसर ऱ्हवा.'

तु. माझ्याकडे बघतोय, मी तिच्याकडे. सोलं दुसऱ्या कोपऱ्यात आहेत. माती तिथवर जात नाही. तिला माहीत आहे, तिनेच काल हलवली.

तु.ने दांडा खाली ठेवला. 'दोन दिवसांनी काय बिघडत नाय, वहिनी,' म्हणाला. चहा पिऊन गेला. जॅक तसाच तुळईखाली लावलेला आहे.

ही पडवीत बसली आहे, पाय चौकात सोडून.